जिल्ह्याच्या गावातील धावपट्टी त्या गावाच्या हाती सोपवा

प्रति,
विमानन विभाग, मध्यप्रदेश शासन, भोपाळ;
तसेच खरगोन, खंडवा, झाबुआ आणि रतलाम येथील नगरपालिका व महापालिकांचे सन्माननीय पदाधिकारी आणि नगरसेवक

सन्माननीय महोदय, महोदया,

माळवा आणि निमाडमधील जिल्ह्यांच्या गावी ज्या शासकीय हवाई पट्ट्या आहेत, म्हणजे खरगोनची, खंडव्याजवळ नागचूनची, झाबुआजवळ गोपालपुऱ्याची आणि रतलामजवळ बंजलीची, त्यांची जमीन शासनाच्याच मालकीची ठेवून देखभाल आणि रोजचा कारभार मात्र त्या त्या शहराच्या नगरपालिकेच्या पुढाकाराने नेमलेल्या, आपला हिशोब जाहीर करणाऱ्या समितीकडे सोपवावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी इंदूरचा रहिवासी असून लोक निर्माण विभागात रस्ते आणि हवाई पट्ट्यांच्या कामांवर नोकरी करून निवृत्त झालो आहे. पत्राची हिंदी प्रत विभागाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठीत ते अशासाठी प्रसिद्ध करीत आहे की, इंदूर, देवास, धार, महेश्वर, खंडवा, बऱ्हाणपूर या भागातील मराठी घरांमध्ये डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, वकील, शिक्षक आणि नगरसेवकही आहेत, आणि त्यांनी आपापल्या गावी हा प्रश्न उचलून धरल्याशिवाय तो भोपाळपर्यंत पोहोचणार नाही.

जिल्ह्याच्या गावातील माणसाला हवाई पट्टीची आठवण होते ती एखाद्या मंत्र्यांचे विमान किंवा हेलिकॉप्टर उतरायचे असते तेव्हा. दौरा ठरला की गवत कापले जाते, पांढरे पट्टे नव्याने मारले जातात, अग्निशामक बंब येऊन उभा राहतो आणि कुंपणाच्या भगदाडांवर पोलीस बसतात. दौरा आटोपला की सगळे पुन्हा निपचित पडते. मधल्या काळात तिथे कोणी गाडी चालवायला शिकतो, कोणी पहाटे धावायला जातो, कोणी मका वाळत घालतो. मका वाळत घालणाऱ्याला मी दोष देत नाही, कारण ज्यांच्या वाडवडिलांची शेते त्या डांबराखाली गेली त्यांना त्या डांबराचा दुसरा कोणताही उपयोग आपण कधी दाखवून दिलेला नाही. खरी अडचण अशी आहे की निधी भोपाळहून येतो, वापराची परवानगी कलेक्टर कार्यालयातून मिळते, डागडुजी लोक निर्माण विभाग करतो आणि धावपट्टीवर रोज सकाळी एक फेरी मारून काय बिघडले आहे ते पाहणारा माणूस मात्र त्या गावात कोणीच नसतो.

ही रोजची फेरी का महत्त्वाची आहे, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आमच्या खात्याबाहेर त्याची फारशी जाणीव नसते. वर्दळीचा रस्ता वाहनांच्या भाराने खचतो. क्वचित वापरली जाणारी धावपट्टी मात्र ऊन आणि पाण्यामुळे खराब होते, आणि वापरात असलेल्या धावपट्टीपेक्षा बरेचदा लवकर खराब होते. डांबर उन्हाने आणि हवेने हळूहळू कडक होत जाते, त्याचा चिकटपणा जातो, आणि वरून चाकांचा दाब पडत नसल्यामुळे पृष्ठभागावरील बारीक चिरा दाबल्या जाऊन बुजत नाहीत. आमच्या भागात त्यात काळ्या मातीची भर पडते. ही माती पाणी प्याली की फुगते आणि वैशाखात आटली की खोलवर भेगाळते. तिच्यावर घातलेल्या मुरूम-खडीच्या थरांत बाजूच्या तुंबलेल्या नालीतून पाणी मुरले की धावपट्टीची कड वर उचलली जाते, कडेशी समांतर लांबच लांब चीर पडते, पुढच्या पावसाळ्यात त्या चिरेतून आणखी पाणी आत शिरते आणि काही पावसाळ्यांत खडी सुटू लागते. मोटारीला सुट्या खडीचे काही वाटत नाही. परंतु लहान विमानाच्या पंख्याचे पाते जमिनीपासून वीतभर उंचीवरून फिरत असते, ते खडा उचलते, पात्याला खाच पडते, आणि अशी खाच दुर्लक्षित राहिली तर पाते हवेत असताना तुटू शकते. म्हणून सुटलेली खडी दिसली की जबाबदार वैमानिक त्या पट्टीवर उतरायचेच नाकारतो, आणि कागदावर सुस्थितीत असलेली पट्टी प्रत्यक्षात बंद पडलेली असते.

हे टाळण्यासाठी जे करावे लागते, त्यात अवघड असे काही नाही. मृग लागण्यापूर्वी नाल्या उपसायच्या, हिवाळ्यात चिरा रुंदावलेल्या असताना त्या साफ करून डांबराने भरायच्या, बाजूपट्टीची माती साचून धावपट्टीपेक्षा उंच झाली असेल तर ती खरवडायची, गवत आखूड ठेवायचे म्हणजे उंदीर-ससे आणि त्यांच्यामागे घारी येत नाहीत, रोजडे म्हणजे नीलगाई आणि कुत्री आत शिरू नयेत म्हणून कुंपण शाबूत ठेवायचे, आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी फाटली की त्याच आठवड्यात बदलायची. यातले एकही काम वर्षातून एकदा निविदा काढून होण्यासारखे नाही. झाडणे, गवत कापणे, नाल्या उपसणे, दिवे पाहणे ही तर नगरपालिकेची रोजचीच कामे आहेत, आणि म्हणूनच धावपट्टीची निगा नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरची आहे हे मत मला मान्य नाही. ज्या इंदूर शहराची महापालिका २०१७ पासून वर्षानुवर्षे देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात अग्रभागी आहे, त्या शहराच्या शेजारच्या जिल्ह्यांना हे सांगावे लागू नये.

आता या पट्ट्या कशासाठी राखायच्या, या प्रश्नाकडे येतो. आजवर त्यांचे मूल्य एकाच मापाने ठरवले गेले आहे: तिथून प्रवासी विमानसेवा सुरू होईल की नाही. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये लहान शहरांच्या विमानसेवेला अनुदान देणारी उडान योजना जाहीर केली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला ते दिल्ली हे तिचे पहिले विमान निघाले. या योजनेने देशातील अनेक बंद विमानतळ उघडले आणि तिचा हेतू मला मनापासून पटतो. तरीही भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात जे नोंदवले, ते आपण नजरेआड करू शकत नाही. निविदांच्या तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांपैकी केवळ ११२ मार्गांनी अनुदानाची तीन वर्षे पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढेही टिकून राहिलेले मार्ग ५४ होते. आपल्या इंदूरशी थेट संबंध आलेले उदाहरण गोंदियाचे आहे. मार्च २०२२ मध्ये इंदूर–गोंदिया–हैदराबाद सेवा सुरू झाली, विदर्भातील आणि इकडच्या अनेक कुटुंबांना तिचा मोठा आनंद झाला, आणि काही महिन्यांतच ती बंद पडली. खरगोन किंवा झाबुआ येथून रोजचे प्रवासी विमान लगेच चालेल असे कोणी सांगत असेल, तर ती लोकांची दिशाभूल आहे. निमाडची मिरची विमानाने परदेशी जाईल ही कल्पनाही मी भाषणांत ऐकली आहे. बेडियाच्या मंडीतून निघणाऱ्या सुक्या मिरचीला घाई नसते आणि तिच्या भावात विमानाचे भाडे बसत नाही, हे त्या मंडीतील कोणीही व्यापारी सांगेल.

परंतु प्रवासी सेवा नाही म्हणून धावपट्टीला काम नाही, असे मुळीच नाही. राज्य शासनाने २०२४ मध्ये पीएम श्री एअर अॅम्ब्युलन्स सेवा सुरू केली आणि आयुष्मान कार्डधारक रुग्णांना ती मोफत ठेवली. या निर्णयाबद्दल शासनाचे अभिनंदन करावे तितके थोडे आहे, कारण विमानाने रुग्ण हलवणे ही गोष्ट त्यापूर्वी केवळ पैसेवाल्यांच्या घरी घडत असे. खरगोन, खंडवा किंवा झाबुआ येथील रुग्ण इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात आणायला विमान लागत नाही. तिथून सुसज्ज रुग्णवाहिका आणि मोकळा रस्ता हाच योग्य उपाय आहे. विमान लागते ते भाजलेल्या, मेंदूला इजा झालेल्या किंवा अवयव प्रत्यारोपणाची गरज असलेल्या रुग्णाला दिल्ली, मुंबई किंवा हैदराबादला न्यायचे असते तेव्हा. आज अशा रुग्णाला आधी घाटातून इंदूरपर्यंत आणावे लागते आणि मग विमानात चढवावे लागते. प्रत्येक वेळी रुग्णाला एका स्ट्रेचरवरून दुसऱ्यावर आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर घेताना काय जोखीम असते, हे अतिदक्षता विभागात काम केलेले डॉक्टर जाणतात. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी हरद्यातील फटाका कारखान्यात स्फोट झाला तेव्हा होरपळलेल्यांना भोपाळ आणि इंदूरकडे हलवावे लागले होते. असा प्रसंग आपल्या कोणत्याही जिल्ह्यात उद्भवू शकतो. आणि अपघात दिवसाच होतात असे नाही. जिल्ह्यांच्या बहुतेक पट्ट्यांवर रात्री उतरण्याची सोय नाही, म्हणजे सूर्यास्तानंतर त्या पट्ट्या रुग्णांच्या कामाच्या राहत नाहीत.

दुसरे काम वैमानिक प्रशिक्षणाचे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि आपली कितीतरी मुले त्यासाठी परदेशी जातात. सागरजवळ ढाना येथील पट्टीवर अशी प्रशिक्षण संस्था अनेक वर्षे चालू आहे, त्यामुळे हे आपल्या राज्याला नवीन नाही. प्रशिक्षणामुळे भाडे मिळते, पट्टीवर रोज माणसे येतात आणि धावपट्टी वापरात राहते. माझा आक्षेप एवढाच आहे की, पट्टी एखाद्या संस्थेला भाड्याने दिली म्हणजे ती इतरांना बंद झाली असे होता कामा नये. भाडेकरारात पहिले कलम हे असावे की रुग्ण, आपत्ती आणि शासकीय काम यांसाठी पट्टी कोणत्याही क्षणी मोकळी मिळेल, आणि दुसरी संस्था त्याच अटींवर आली तर तिलाही जागा मिळेल.

गावाने विमानतळ चालवणे ही आपल्याकडे विचित्र वाटणारी कल्पना अमेरिकेत सर्वसामान्य आहे. तिथे लोकांना खुले असलेले सुमारे ५००० विमानतळ आहेत आणि त्यांतील जेमतेम दहाव्या हिश्श्यावर नियमित प्रवासी विमाने येतात. उरलेल्यांतील पुष्कळसे शेतीच्या प्रदेशातील लहान गावांच्या नगरपालिकांच्या किंवा काउंटींच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनांच्या, मालकीचे आहेत. दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेली अनेक लष्करी मैदाने १९४४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांकडे आली, १९४६ पासून केंद्राने त्यांना बांधकामासाठी मदत देणे सुरू केले, १९७० मध्ये तिकिटे आणि इंधनावरील करांतून स्वतंत्र निधी उभा राहिला, आणि १९८२ पासून चालू असलेल्या अनुदान कार्यक्रमात लहान विमानतळाच्या मान्य कामाचा सुमारे नव्वद टक्के खर्च केंद्राकडून मिळत आला आहे. मला त्या रकमेपेक्षा तिच्यासोबत येणाऱ्या अटी अधिक मोलाच्या वाटतात. अनुदान घेणाऱ्या नगरपालिकेला विमानतळ सर्वांना समान अटींवर खुला ठेवावा लागतो, कोणा एकाला मक्ता देता येत नाही, आणि विमानतळाचे उत्पन्न विमानतळावरच खर्च करावे लागते. ते शहराच्या इतर खर्चात वळवणे हा करारभंग ठरतो. उत्पन्न तरी कसले, तर हँगरचे, म्हणजे विमाने ठेवण्याच्या शेडचे भाडे, इंधनावरील थोडी आकारणी, आणि धावपट्टीपासून दूरच्या मोकळ्या जमिनीवर शेतकऱ्याला दिलेला गवताचा किंवा पिकाचा ठेका. पिकांवर फवारणी करणारी, रुग्ण नेणारी, वणवा विझवणारी विमाने तिथूनच उडतात.

रात्रीच्या दिव्यांची त्यांची व्यवस्था तर आपण जशीच्या तशी अभ्यासावी अशी आहे. अशा विमानतळावर रात्री बहुधा कोणीही हजर नसते. येणारा वैमानिक ठरलेल्या वारंवारितेवर आपल्या रेडिओचे बटण पाच सेकंदांच्या आत तीन, पाच किंवा सात वेळा दाबतो, त्यानुसार धावपट्टीचे दिवे मंद, मध्यम किंवा प्रखर लागतात आणि पंधरा मिनिटांनी आपोआप विझतात. रात्रभर दिवे जाळण्याचा खर्च नाही आणि रात्रपाळीचा कर्मचारीही नाही. आपल्याकडे हे लागू करायचे तर नागरी विमानन महासंचालनालयाची मान्यता, कुंपणाची खात्री आणि जनावरे आत नाहीत याची पाहणी लागेल, हे मी जाणतो. पण ते अशक्य कोटीतले नाही.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील केंद्राच्या सूचीत विमानतळांची तरतूद आणि त्यांचे नियमन २९ व्या नोंदीत येते, त्यामुळे परवाने आणि सुरक्षेचे नियम केंद्राकडेच राहतील आणि राहावेत. मी मागतो आहे ती केवळ निगराणीची आणि हिशोबाची जबाबदारी, आणि तिच्यासाठी अमेरिकेकडे पाहण्याचीही गरज नाही, कारण अशी व्यवस्था याच इंदूरमध्ये जन्माला आली आहे. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ पसरली तेव्हा आपल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता. संपूर्ण रुग्णालय रिकामे करून ते स्वच्छ करण्यात आले, शहराने त्यासाठी वर्गणी दिली, आणि पुढे ते तसेच नीट राहावे म्हणून रोगी कल्याण समिती स्थापन झाली. रुग्णालयात जमणारे शुल्क राजधानीच्या तिजोरीत न जाता समितीच्या खात्यात राहू लागले आणि तिथल्या तिथे खर्च होऊ लागले. ही पद्धत मध्यप्रदेशभर पसरली आणि २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर गेली. तिच्यात दोषही शिरले, काही ठिकाणी बैठका नावापुरत्या होऊ लागल्या. तरीही भिंतीला गळती लागली तर भोपाळच्या मंजुरीची वाट न पाहता ती बुजवता येते, हा तिचा लाभ मी स्वतः शासकीय इमारतींची कामे करताना पाहिला आहे.

हवाई पट्टीसाठी नेमकी अशीच नोंदणीकृत समिती असावी. तिच्यात नगराध्यक्ष किंवा महापौर, कलेक्टरांचा प्रतिनिधी, जिल्हा रुग्णालयाचे प्रमुख, लोक निर्माण विभागाचा अभियंता आणि ज्यांच्या जमिनी पट्टीसाठी गेल्या त्या गावांचे सरपंच असावेत. सरपंचांचा मी मुद्दाम आग्रह धरतो, कारण कुंपण तोडणारा आणि कुंपण राखणारा दोघेही त्यांच्याच गावचे असतात; चौकीदारीची, गवत कापण्याची आणि मोकळ्या जमिनीवरील चाऱ्याची कामे त्या गावांनाच दिली, आणि मका-सोयाबीन वाळवायला पट्टीबाहेर एक पक्के खळे बांधून दिले, तर धावपट्टीवरील निम्मे अतिक्रमण आपसूक थांबेल. भाडे आणि शुल्क समितीच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावे, नगरपालिकेच्या सामान्य निधीत मिसळता येऊ नये, आणि दर तिमाहीचा जमाखर्च नगरपालिकेच्या फलकावर लागावा. शासनाने दरवर्षी ठराविक देखभाल अनुदान द्यावे, आणि ते देण्यापूर्वी बाहेरच्या जिल्ह्यातील अभियंत्याकडून धावपट्टीची पाहणी करून घ्यावी. पुन्हा डांबरीकरण करण्यासारखी मोठी कामे शासनाकडेच राहावीत. ती नगरपालिकेच्या गळ्यात घालणे अन्यायाचे होईल.

राज्याने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या विमानन धोरणात दर ७५ किलोमीटरवर हवाई पट्टी असावी असा संकल्प आहे. नवी पट्टी बांधायची म्हणजे पुन्हा कोणाची तरी काळी कसदार जमीन घ्यावी लागणार. जी घेतलेली आहे तिचा पुरेपूर उपयोग होतो आहे हे दाखवल्याशिवाय नवी जमीन मागण्याचा नैतिक अधिकार शासनाला उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. इंदूरचे विमानतळही एके काळी अशीच एका संस्थानाची साधी पट्टी होती. होळकर दरबाराने १९३५ मध्ये टाटांच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांचा सल्ला घेऊन बिजासनची जागा निवडली, १९३७ मध्ये टाटांच्या मुंबई–दिल्ली विमानमार्गावर इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर हे थांबे आले, आणि १९५० मध्ये विमानतळ केंद्राकडे गेले. दरबाराने तेव्हा प्रवाशांची संख्या मोजत बसण्याआधी जागा निवडली, पट्टी बांधली आणि तिची जबाबदारी स्वतः उचलली.

सर्व पट्ट्यांवर एकाच वेळी हा बदल करावा असे माझे म्हणणे नाही. विभागाने खरगोनच्या पट्टीपासून सुरुवात करावी, येत्या हिवाळ्यात नगरपालिका आणि कलेक्टर यांच्यात करार करून समिती नोंदवावी, उन्हाळा संपण्यापूर्वी नाल्या, चिरा आणि कुंपण एवढी तीनच कामे पूर्ण करावीत, आणि एक पावसाळा गेल्यावर धावपट्टीची स्थिती तपासून खंडवा, झाबुआ व रतलामचा निर्णय घ्यावा. खरगोनच्या नगरसेवकांना माझी विनंती आहे की विभागाच्या पत्राची वाट न पाहता त्यांनी परिषदेच्या पुढील सभेत तसा ठराव मांडावा. आमच्या खात्यातील काही निवृत्त सहकारी आणि मी धावपट्टीची प्राथमिक पाहणी, चिरांचा नकाशा आणि नाल्यांच्या उतारांची मोजणी विनामोबदला करून द्यायला तयार आहोत. समितीने किंवा नगरपालिकेने बोलावले की आम्ही येऊ.

कळावे,
आपला नम्र,
लोक निर्माण विभागातील एक निवृत्त अभियंता, इंदूर